पावसाआधी पवनीच्या टेकड्या राखा

भंडारेकरांनो, पवनीला येणाऱ्या पाहुण्यांनो, पावसाळा तोंडावर आलाय. दोन-चार जोराच्या सरी पडल्या की टेकड्यांची माती वाहते. खापरं, मणी, कधी एखादं जुनं नाणं उघडं पडतं. ते उचलू नका. पोरांनाही उचलू देऊ नका.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथली जगन्नाथ टेकडी उकरली. आतून दोन हजारांहून अधिक वर्षांचा विटांचा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. ती राजांची नव्हेत, साध्या माणसांची आहेत. त्यांत बायाही आहेत. घरातला पैसा काढून त्यांनी हे दगड दिले. वैनगंगेचं पाणी प्यायलेली आपलीच माणसं ती. त्यांच्या नावाचा दगड कुणाच्या परसात कपडे धुवायला पडलेला तुम्हाला बघवेल का?

गुप्तधनाच्या नादी लागू नका. कुणी लागत असेल तर त्याला आवरा. नाणं कोणत्या थरात होतं, शेजारी कसलं खापर होतं, यावरून काळ ठरतो. रात्रीतून कुदळ चालली की थर मिसळले. मग कितीही मोठा जाणकार आणा, ते पुन्हा लागत नाहीत. तिलोता खैरी आणि पिंपळगाव या गावांतल्या प्राचीन शिळास्मारकांचंही तेच. एक शिळा हलली की सगळी मांडणीच गेली.

बघायला जरूर या. लेकराबाळांना आणा, म्हाताऱ्यांना आणा. पण विटांवर चढू नका, नावं कोरू नका. खोदलेली कड पावसात ढासळते. फोटोसाठी लेकरांना तिथे उभं करू नका.

घराचा पाया किंवा विहीर खोदताना काही लागलं, तर काम थांबवा. आहे तिथेच फोटो काढा आणि तहसील कचेरीत कळवा. घाबरू नका. १८७८ च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याने शोधणाऱ्यालाही हक्क दिलाय. लपवलं तर तोच हक्क जातो.

आज रात्री जेवताना घरात हे बोला. शेजाऱ्यांना सांगा. टेकडीकडून विटा-माती भरलेला ट्रॅक्टर निघालेला दिसला, तर एकट्याने अडवू नका. नंबर टिपा आणि पोलीस ठाण्यात फोन लावा. लगेच लावा, सकाळची वाट बघू नका.