प्राणवायूची चावी कोणाच्या हाती?

एप्रिल २०२१ मध्ये देशभर प्राणवायूसाठी हाहाकार माजला असताना नंदुरबार जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत वेगळ्याच कारणाने झळकत होते. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने येथे सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून प्राणवायू वेगळा काढणारा पहिला प्रकल्प उभा राहिला होता व पुढील काही महिन्यांत त्यात भरही पडली होती. या प्रकल्पांची वाहवा झाली, ती रास्तच होती. परंतु त्याच सुमारास येथे अमलात आलेली ‘ऑक्सिजन नर्स’ ही व्यवस्था लोकांच्या स्मरणातून लवकर गेली. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा गावातून ज्यांना आपला आजारी माणूस शहाद्याला वा नंदुरबारला न्यावा लागतो, त्यांनी तरी ती विसरू नये.

व्यवस्था साधी होती. वॉर्डातील प्राणवायूवरील रुग्णांची वेळोवेळी पाहणी करण्यासाठी खास परिचारिका नेमल्या गेल्या. रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहावयाचे, पुरेसे असल्यास प्रवाह कमी करावयाचा, घसरत असल्यास वाढवावयाचा. रुग्ण जेवावयास बसला वा शौचास गेला की मास्क खाटेवर पडून राहतो आणि प्राणवायू हवेत जात राहतो. ती चावी बंद करावयाची व रुग्ण परतताच पुन्हा उघडावयाची.

याचा हिशोब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. एखाद्या रुग्णाला मिनिटाला १० लिटर प्राणवायू चालू आहे व प्रमाण ९८ टक्के आहे. परिचारिकेने प्रवाह ६ लिटरवर आणला आणि प्रमाण ९४ टक्क्यांवर स्थिर राहिले. मिनिटाला ४ लिटर वाचले, म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर मावतात. एका खाटेवरील एका निर्णयाने जवळजवळ एक सिलिंडर दुसऱ्या कोणाच्या तरी श्वासासाठी उरला. त्याच महिन्यात, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, हे आठवले की या बचतीचे मोल कळते.

मात्र बचत हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. मुख्य प्रश्न अधिकाराचा आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘प्राणवायू ५ लिटर’ एवढेच लिहिले, तर परिचारिकेला आज्ञापालनाखेरीज काही उरत नाही. ‘प्रमाण ९२ ते ९६ टक्के राखावे’ असे लिहिले, तर प्रवाह किती ठेवावा हा निर्णय तिचा होतो. कोविड काळात बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी हीच मर्यादा सांगितली जात असे. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केल्याने फुप्फुसे जीर्ण झालेल्या स्त्रीसाठी ती ८८ ते ९२ टक्के असते. तिला अधिक प्राणवायू दिल्यास रक्तात कर्बवायू साठून गुंगी येण्याचा धोका असतो. खाटेशेजारचे नातेवाईक मात्र ‘सिस्टर, जरा वाढवा ना’ म्हणून आग्रह धरतात, कित्येकदा स्वतःच चावी फिरवतात. हे प्रेमापोटी होते, पण ते टाळलेच पाहिजे.

महामारी ओसरली, तरी असे निर्णय रोजच घ्यावे लागतात. आपल्या जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. अंगदुखीने तळमळणारा सिकलसेलचा तरुण रुग्ण वॉर्डात येतो, तेव्हा त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे हाच पहिला निर्णय असतो. त्यानंतर त्याला ताप चढला, छातीत दुखू लागले, प्राणवायूचे प्रमाण घसरले, तर हा नेहमीचा वेदनेचा झटका नसून फुप्फुसांवर आलेले संकट असू शकते, हे ओळखून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे लागते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पोटात रक्तस्राव होत असेल, तर रक्तदाब कोसळण्यापूर्वी बहुधा नाडी जलद होते. रात्री दोन वाजता ते पाहणारी अधिपरिचारिकाच असते.

या निरीक्षणाला ब्रिटनमध्ये २०१२ पासून राष्ट्रीय गुणांकनाची जोड आहे. श्वासगती, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध व तापमान यांना गुण दिले जातात. बेरीज ७ वा अधिक झाली की तातडीने वैद्यकीय पथकास बोलवावयाचे. कनिष्ठ परिचारिकेला वरिष्ठांना झोपेतून उठवण्याचा संकोच अशा आकड्यामुळे पुष्कळ कमी होतो. अर्थात श्वास खरोखर मोजले पाहिजेत. सर्वच रुग्णांच्या तक्त्यावर श्वासगती ‘२०’ लिहिलेली दिसली, की समजावे, कोणी मोजलेली नाही.

ती का मोजली जात नाही, याचे उत्तर बहुधा संख्येत सापडते. २००२ मध्ये लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. तेथे २००५ पासून सर्वसाधारण मेडिकल व सर्जिकल वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडे सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष कागदावर जुनाच आहे. सरकारी रुग्णालयात रात्र काढलेल्या कोणत्याही वाचकाने तो प्रत्यक्षात किती पाळला जातो ते पाहिले आहे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतील मुली या सेवेत आहेत. त्यांच्या सेवाभावाचे कौतुक आपण मनापासून करतो. त्यांच्या निर्णयाचे, त्यासाठी लागणाऱ्या शिक्षणाचे व मनुष्यबळाचे बोलणे क्वचितच निघते. २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूस सारून राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा संमत केला. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, व्यवसायाचे नियमन हे सारे त्यात आहे. एका परिचारिकेकडे रात्रपाळीत किती रुग्ण असावेत, हा आकडा त्यात नाही.