‘सेविका’ म्हणा आणि पगार बुडवा!

संपादक महाशय,

यंदाच्या ३ जानेवारीस आमच्या शाळेंत सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली. मीं गांवच्या आशाताईला व्यासपीठावर बसविलें, शाल पांघरली, नारळ दिला आणि “ही आपल्या गांवची सावित्री” असें घसा ताणून भाषण ठोकलें. आठ दिवसांनीं सहलीची वर्गणी न आणणाऱ्या पोरांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं, त्यांत पहिलें नांव तिच्याच लेकीचें! संध्याकाळीं ती शाळेंत आली व म्हणाली, “गुरुजी, नारळ त्याच दिवशीं कालवणांत गेला. शाल कुठल्या दुकानांत चालते तेवढें सांगा.” त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज येथें लिहितों.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें व हजार वस्तीमागें एक ‘आशा’ नेमण्याचें ठरलें. बाई गांवचीच सून हवी, थोडी शिकलेली हवी, लोकांना भरंवशाची हवी. पण ती नोकर नव्हे, स्वयंसेविका! तिला पगार नाहीं, केल्या कामाचा मोबदला. दिवसाचे दोन-तीन तास, तेंही आठवड्यांतून चारेक दिवस, पोटाचा धंदा सांभाळून तिनें हें काम करावें, असें कागद सांगतो. बंधुभगिनींनो, आपल्या गांवची आशा दोन तासांत घरीं परततांना कुणीं पाहिली आहे काय? बाळंतीण काय घड्याळ पाहून अडते? ताप काय आठवड्याचे वार मोजून चढतो?

आतां फळ पाहा. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतल्या शंभर बाळंतपणांपैकीं अवघीं ३८.७ दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या पाहणींत तोच आंकडा ८८.६ झाला. यांत पैसा, दवाखाने, रस्ते, गाड्या या सर्वांचा वांटा आहे. पण सासूची समजूत घालून, रात्रीं-अपरात्रीं गाडी बोलावून पोटुशीला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलें कुणीं? अहवालावर फोटो कुणाचा आणि पायांत कांटा कुणाच्या!

सरकारला सुधारणेची हौस मोठी. २०१८ सालीं आयुष्मान भारत आलें, उपकेंद्रांचीं आरोग्यवर्धिनी केंद्रें झालीं, २०२३ सालीं त्यांचीं ‘आयुष्मान आरोग्य मंदिरें’ झालीं. प्रत्येक सुधारणेबरोबर एक नवी वही आणि एक नवें ओझें आशेच्या डोक्यावर आलें. तिशीपुढच्या माणसांचे साखर, रक्तदाब, कर्करोगाविषयींचे अर्ज भरा. कार्डें काढून द्या. तीच माहिती वहींत लिहा, मग मोबाईलमध्यें भरा. २०२० सालीं करोना आला तेव्हां आम्ही दारें लावून बसलों आणि ही बाई दारोदार ताप मोजत हिंडली. मंदिराचा कळस दरसाल उंच होतो आहे. पायरीच्या दगडाला कुणी विचारीत नाहीं. त्या मंदिरांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा आम्हांस मत्सर नाहीं. त्यालाही कंत्राटाच्या दोरीवरच टांगलें आहे.

या मोबदल्याचा हिशेब मीं शाळेंत गणित म्हणून घातला. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं बेचाळीस दिवसांत सहा खेपा घालाव्या, त्याचे २५० रुपये, असा दर वर्षानुवर्षें चालला. खेपेला बेचाळीस रुपयेसुद्धां पडत नाहींत! दुसरें गणित घ्या. जननी सुरक्षा योजनेंत खेड्यांतल्या बाईमागें आशेला ६०० रुपये: ३०० गरोदरपणाच्या तपासण्यांचे, ३०० दवाखान्यांत नेण्याचे. पण आपल्या रिवाजाप्रमाणें पहिलटकरीण माहेरीं जाते. मग सात-आठ महिने राबलेल्या सासरच्या आशेच्या हिशेबीं ते दुसरे ३०० कसे लागावे? ज्यानें हा दर ठरविला त्यानें आपल्या मुलखांतलें एक तरी बाळंतपण पाहिलें असेल काय?

कुणी म्हणतील, “मास्तर, आरोग्य ही सेवा आहे, सेवेला मोल लावूं नये.” ठीक. सावित्रीबाईंनीं १८९७ च्या प्लेगांत डॉक्टर मुलगा यशवंत यांच्यासह हडपसरजवळ दवाखाना चालविला, रोग्यांना उचलून आणिलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवला. ती सेवा खरी, कारण ती त्यांनीं आपण होऊन केली. सेवा हा शब्द करणाऱ्याच्या तोंडीं शोभतो. करून घेणाऱ्याच्या तोंडीं ती निव्वळ वेठ होते. आणि ही सेवा फक्त गरिबाच्या लेकी-सुनांनींच करावी काय? सचिवालयांतला एक तरी साहेब खेपेला बेचाळीस रुपयांवर देशसेवा करतो काय?

दुसरे म्हणतील, “वाढ दिली ना?” दिली, हें मी नाकारीत नाहीं. २०२४ च्या आरंभीं आमच्या भगिनी घरदार सोडून मुंबईस आझाद मैदानावर बसल्या, तेव्हां मार्चमध्यें राज्यानें ५००० रुपयांची वाढ मान्य केली. २०२५ सालीं केंद्रानेंही दरमहाचा ठराविक मोबदला २००० वरून ३५०० केला. पण रडल्याशिवाय आई दूध देईना, आणि दिलें तेंही ‘मोबदला’ म्हणून. पगार हा शब्द कांहीं ओठांवर येईना. आमच्या गांवीं तर तो मोबदलाही दोन-दोन महिने थकतो.

हा खेळ नवा नाहीं. १९७७ सालींही सरकारनें गांवोगांव आरोग्य कार्यकर्ते नेमले, महिना ५० रुपयांवर. पुढें त्यांचीं नांवें बदललीं, पन्नास रुपये बदलले नाहींत. ती योजना आज कोठें आहे?

उलट न्यायाचा रस्ता कोणता हें ठाऊक नाहीं असेंही नाहीं. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनें आशा, अंगणवाडीच्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच सालच्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतल्या आशांचा सन्मान केला. जग तिला मुजरा करतें आणि घरचा धनी तिला कामगार म्हणायला तयार नाहीं!

वाचकहो, दोष एकट्या सरकारचा नाहीं. आपणही तिला फुकटची समजतों. ती संपावर गेली कीं “आमच्या पोराच्या लशीचें काय?” असें आपणच तिला विचारतों. आम्हां मास्तरांवर निवडणूक, जनगणना लादली कीं आम्ही ओरडतों. पण एक तारखेला आमचा पगार होतो, हें विसरतों. म्हणून येत्या ग्रामसभेंत ठराव करा: आशेला कामगार माना, ठरल्या तारखेस पगार द्या, बाळंतपणाची रजा व म्हातारपणाची तरतूद करा, आणि पैशावांचून एकही नवी वही देऊं नका. ठराव आमदाराच्या हातांत द्या, व मत मागायला येईल त्याला उत्तर विचारा.

सहलीची ती वर्गणी मीं भरली. यांत माझा मोठेपणा नाहीं; एका घरची वर्गणी मास्तर भरील, सत्तर हजारांहून अधिक आशांच्या घरची कोण भरणार? पुढच्या ३ जानेवारीस मी शाल-नारळ आणणार नाहीं. ग्रामसभेचा ठराव वाचून दाखवीन. तो झाला नसेल तर भाषणही करणार नाहीं.

आपला नम्र,
एक खेड्यांतील शाळामास्तर