पोचे आलेली पातेली
भांड्यांतून कला म्हटलं की सुबोध गुप्ता यांचं नाव ओघानं येतंच. मूळचे बिहारमधल्या खगौलचे गुप्ता स्टीलच्या बादल्या, डबे, ताटल्या रचून प्रचंड शिल्पं उभी करतात. २००६ सालची ‘व्हेरी हंग्री गॉड’ ही अशीच भांड्यांची अजस्र कवटी. पुढे ती व्हेनिसला कालव्याकाठी, पालाझ्झो ग्रासीसमोर झळकली. डोळे दिपावेत असं काम, पण मला ते धनत्रयोदशीच्या दिवशीच्या भांड्यांच्या दुकानासारखं वाटतं: सगळं कोरं, अजून कुणी त्यात वरण शिजवलेलं नाही. २०१७ मध्ये बासेलच्या कलामेळ्यात त्यांनी मांडलेलं ‘कुकिंग द वर्ल्ड’ मात्र वेगळं. वापरून जुन्या झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची खोली, आणि आत गुप्ता स्वतः रांधून पाहुण्यांना वाढणार! जुनं अ‍ॅल्युमिनियम काही म्हणता काही लपवत नाही. सांडशीनं धरून धरून दबलेला काठ, काथ्यानं घासल्याचे गोल चरे, बुडाला धरलेली काजळी. नीट बघणाऱ्याला घरात चूल होती की स्टोव्ह, तेही कळावं. खटकतं ते एवढंच, की अशी पातेली ज्या बायकांनी वर्षानुवर्षं घासली, त्यांची नावं दालनातल्या पाटीवर कधी नसतात. आपल्याकडे निदान भांड्यावर नाव घालायची रीत आहे. पण तेही बहुतेक वेळा घरच्या कर्त्या पुरुषाचं, नाहीतर आहेर करणाऱ्याचं.