गोंधळाला या!

धाराशिवात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला ‘गोंधळ’ या शब्दाचे दोन अर्थ सांगताना कोश उघडावा लागत नाही. एक गोंधळ तास संपल्यावर वर्गात होतो. दुसरा तुळजापूरच्या आईच्या नावाने घातला जातो. पहिल्यात सगळे एकदम बोलतात. दुसऱ्यात नाईक कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून ती खुलवतो आणि संबळ-तुणतुणे आपापले काम सोडत नाहीत. माणसे तितकीच, आवाजही तितकाच; फरक एवढाच की दुसऱ्यात प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते.

हा फरक मला नव्याने जाणवला, तो ‘ओअॅसिस’ नावाच्या विलायती रॉक बँडमुळे. आमच्या कन्येने ही कथा मला ऐकवली. नोएल आणि लियम गॅलाघर हे सख्खे भाऊ; एक गाणी रचणारा, दुसरा गाणारा. २००९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला रंगपटातच दोघांचे जुंपले, गिटार फुटली, कार्यक्रम रद्द झाला आणि बँडही संपला. पुढे पंधरा वर्षे दोघांनी एकमेकांचा जाहीर उद्धार केला. २०२४ साली ‘आम्ही पुन्हा एकत्र येतो आहोत’ अशी घोषणा झाली, तर तिकिटांच्या रांगेत लोक तासन्‌तास ताटकळले आणि पाळी येईपर्यंत काही तिकिटांचा भाव दुपटीच्या वर गेला! अखेर ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफला दोघे भाऊ एका मंचावर उभे राहिले. एक गात होता, दुसरा वाजवीत होता.

वाचकहो, विलायतेला हसण्याचे कारण नाही. मंडळी काढावी आणि मग फोडावी, ही विद्या आपल्यालाही चांगली अवगत आहे. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ‘किर्लोस्कर’मधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. पुढे टेंबे तिच्यातूनही निघाले. इकडे ‘किर्लोस्कर’मध्ये आलेल्या दीनानाथांनी १९१८ मध्ये ‘बलवंत’ उभी केली. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ ही तर ‘गंधर्व’ची तोलामोलाची प्रतिस्पर्धी.

असे असताना ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव ‘शारदा’पासून स्त्रीभूमिकांत गाजलेले, तेव्हा भामिनी कोणी व्हायचे, यावरून मान आणि अपमान दोन्ही निघू शकले असते. पण केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले, आणि प्रयोग असा रंगला की शंभर वर्षांनंतरही त्याचे नाव निघते. दोन मंडळ्या काही त्यामुळे एक झाल्या नाहीत. प्रयोग संपला, दोघे आपापल्या बिऱ्हाडी गेले. आणि ४ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिनेही पुरते झाले नव्हते, केशवराव एकतिसाव्या वर्षी वारले. ‘आधी मने जुळू देत, मग पाहू’ असे कोणी म्हटले असते, तर मने जुळायची राहिली असतीच. शिवाय प्रयोगही राहिला असता.

आमच्या गल्लीत दोघा भावांची लग्नात वाजवणारी बँड कंपनी होती. थोरला क्लॅरिनेटवर, धाकटा ढोलावर. हिशेबावरून बिनसले आणि एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या. सहा वर्षे बोलणे नाही. मग बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. दोघेही सख्खे मामा, तेव्हा दोघांनाही बोलावणे गेले. आणि दोघेही आपापला बँड घेऊन हजर! वरात मारुतीच्या पारापाशी येते तो एका बाजूने एक गाणे, दुसऱ्या बाजूने दुसरे. घोडा बिथरला, नवरदेवाने आयाळ धरली, व्याही कानांवर हात ठेवून उभे. शेवटी बहीण पदर खोचून मध्ये आली. म्हणाली, “दादा, गाणं तू धर. आप्पा, ताल तू धर. भांडण उद्या.”

थोरल्याने गाणे धरले. दोन कडवी झाली, तेव्हा कुठे धाकट्याच्या ढोलाची थाप बरोबर पडू लागली. पाट्या अजून दोनच आहेत, हिशेबही मिटलेला नाही. पण भाऊबीजेला दोघे एकाच पंगतीला बसतात.

गोंधळी गोंधळ मांडतो तेव्हा जवळच्या-लांबच्या सगळ्या दैवतांना नावे घेऊन बोलावतो. कोण कोणावर रुसले आहे, याची चौकशी तो करीत नाही. यंदा फराळाचे डबे भरताना आपल्या यादीतले एखादे गाळलेले नाव आठवले, तर एक डबा जास्तीचा भरावा. आणि शक्य तर तो शेजाऱ्याच्या पोराकरवी न धाडता, स्वतः नेऊन द्यावा.