वाद पुण्यापुरता नव्हता



विदेशी कपड्यांच्या होळीबद्दल इंग्रज प्राचार्यांनी सावरकरांना कॉलेजातून काढले, असे गेल्या अंकातील पत्रात आहे. ते चूक आहे. १९०५ साली फर्ग्युसनचे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. त्यांनी १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. त्यावर ‘केसरी’ने त्यांना धारेवर धरले. हा वाद मराठी माणसांचा आपसातला होता, संस्था जपावी की चळवळ, यावरचा. म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

‘महाराष्ट्राबाहेरची मराठी मुले या धामधुमीपासून दूर होती’ हे त्याच पत्रातले विधान तर मुळीच मान्य नाही. आमच्या झाशीचेच पाहा. इथे विद्यापीठ आले १९७५ साली. त्याच्या कितीतरी आधी इथल्या मराठी घरातले रघुनाथ विनायक धुळेकर कलकत्ता आणि अलाहाबाद विद्यापीठांत शिकले, वकील झाले, पुढे संविधान सभेत गेले. १० डिसेंबर १९४६ रोजी अध्यक्षांनी टोकूनही ते तिथे हिंदुस्थानीतच बोलले. त्यांचा टोकाचा भाषाग्रह मला पटत नाही, पण त्यांना वगळून हा इतिहास लिहू नये.

– एक वाचक, इलाइट चौराहा, झाशी