चोर दाराबाहेरचाच असतो असं नाही



आज थोडं रागावूनच लिहितेय. विषय आहे घरातल्या चोर-अलार्मचा. "हा काय बायकांचा विषय?" असं म्हणणार असाल तर आधी सांगा, दशलक्षण पर्वात सगळं घर पूजेला जातं तेव्हा कुलूप लावून अलार्म कोण चालू करतं? आपणच ना?

बारामतीत आमचं खाली दुकान, वर घर. अलार्म पंधरा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याचं पॅनेल, म्हणजे भिंतीवरचा मुख्य डबा, बंद पडलं. बघायला आलेला माणूस दोन मिनिटांत म्हणाला, "सगळंच काढावं लागेल. वायरी जुन्या, सेन्सर जुने. वायरलेस करू." आकडा ऐकून सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. मी विचारलं, "वायरी तपासल्या का?" तर म्हणे, "वहिनी, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

मग मी कळून घेतलं.

दारावरचा सेन्सर म्हणजे एक लोहचुंबक आणि काचेच्या नळीतल्या दोन पात्या. दार बंद तर पात्या जुळलेल्या, दार उघडलं की सुटलेल्या. यात जुनं होण्यासारखं फार काही नाही. खोलीतला सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता हलताना ओळखतो. त्याला चार तारा: दोन 12 व्होल्टच्या, दोन पॅनेलला निरोप देणाऱ्या. हा निरोप इतका साधा असतो की दुसऱ्या कंपनीचं पॅनेलही तो बहुधा समजून घेतं. फक्त तारेच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर असतो, त्याचं माप नव्या पॅनेलला हवं तसं लागतं. तो बदलायला काही रुपये पुरतात.

शेवटी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. मी शेजारी उभी राहिले. आधी मेन बंद, मग बॅटरी काढली. जुनं पॅनेल सोडण्यापूर्वी प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून खोलीचं नाव लिहिलं आणि फोटो काढले. मग मीटर लावून दार उघड-बंद करत एकेक तार मोजली. गच्चीच्या दाराची तार उंदराने कुरतडलेली निघाली, ती बदलली. जिन्यातल्या सेन्सरसमोरून आम्ही चाललो तरी तो ओळखेना, तोही बदलला. बाकी सगळं ठणठणीत! सेन्सर मिळून किती करंट घेतात याची बेरीज करूनच नवं पॅनेल निवडलं. बॅटरी मात्र नवी घेतली, कारण ती चार-पाच वर्षांतच थकते. सगळं मिळून 200 मिलिअँपिअर लागत असेल, तर 7 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 35 तास चालते, प्रत्यक्षात त्याहून कमी. वीज जाते तेव्हा घर याच भरवशावर असतं. जुनी बॅटरी भंगारात न फेकता दुकानदाराला परत दिली, कारण तिच्यात शिसं आणि आम्ल असतं.

आणखी एक. देवघराजवळचा सेन्सर रात्री उगाच वाजायचा, म्हणून पहिल्या माणसाने त्यावर औषध फवारायला सांगितलं होतं. आत कोळी शिरत होता. मऊ फडक्याने त्याला अलगद बाहेर सोडलं आणि तारेचं भोक सिलिकॉनने बुजवलं. जीवही वाचला, आवाजही थांबला.

आता माहेरचं ऐका. इंदापूरला दादाने तीन वर्षांपूर्वी असंच ऐकून सगळं बदललं, धडधाकट वायरी कापून टाकल्या. आता प्रत्येक सेन्सरची बॅटरी वेगळी. एक संपली की डबा कुईकुई करतो आणि वहिनी स्टुलावर चढते. कंटाळून त्यांनी अलार्मच बंद ठेवलाय. भिंतीवर महागडं सामान, आणि घर राखणीविना! वायरलेस वाईट नाही. जिथे तार पोचत नाही तिथे ते जरूर लावा, दोन्ही चालवणारी पॅनेलं मिळतात. पण चांगली तार कापून का?

"सुरक्षेत काटकसर नको," असं काही जणी म्हणतील. मान्य. पण तपासल्याशिवाय टाकून देणं म्हणजे सुरक्षा नव्हे. आमचं घर आज सुरक्षित आहे ते प्रत्येक तार मोजली म्हणून, नवी घेतली म्हणून नाही.

अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले. कमी-जास्त माप वापरणं हा त्यातलाच एक. न मोजता चांगल्या तारेला खराब म्हणणं हे खोटं माप नाही तर काय? आणि हे बोट मी आपल्याही गल्ल्याकडे वळवते. समोरच्या बाईला कळत नाही म्हणून आपल्या दुकानात तिला नको ती वस्तू गळ्यात मारली जात नाही ना, हेही घरी विचारा.

आणि आपण? "नवं म्हणजे चांगलं" म्हणत भिंतीतलं चालतं सामान कचऱ्यात घालायचं, आणि पर्वाच्या दहा दिवसांत उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मान डोलवायची! परिग्रहाचं परिमाण कपाटातल्या साड्यांपुरतंच असतं का?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "तुम्हाला नाही कळायचं," तर खुर्ची ओढून समोर बसा. एवढंच म्हणा, "आधी मोजून दाखवा." मोजायला जो तयार होत नाही, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.