डोके बिघडले म्हणे!

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये चौघे मारले गेले: रेल्वे सुरक्षा दलाचे टिकाराम मीना आणि तीन मुस्लिम प्रवासी. आरोपी मीनांच्याच हाताखालचा कॉन्स्टेबल, रायफल सरकारी. इथे नागपुरात ऑफिसातले मित्र मला अजून ऐकवतात, ‘त्याचं डोकं बिघडलं होतं, धर्म कशाला आणतोस? पहिला तर हिंदूच गेला ना!’

गेला. पण मग पुढचे तिघे? भरल्या गाडीत बी-५ पासून एस-६ पर्यंत आणि तिघेही मुसलमानच? आजार माणसाचा तोल घालवेल, दाढी ओळखायला नाही शिकवणार. ती शिकवणी रोज रात्री टीव्हीवर फुकट चालते. खुद्द पोलिसांनीच कलम १५३-अ लावले, ते आपल्या सांगण्यावरून नव्हे.

बरे, आजारी होता असे धरू. मग रायफल दिली कोणी? तपासणीत असा आजार आढळला नव्हता, असे निवेदन रेल्वेने काढले आणि मागेही घेतले! एक बग दाखवून दुसरा बंद करता येत नाही, हे आम्हा कोडवाल्यांना पहिल्याच नोकरीत कळते. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारे मोमिनपुऱ्यातही आहेत, धरमपेठेतही. ते कोणाला मारत नाहीत. हा द्वेष त्यांच्या खात्यावर टाकू देऊ नका.